तळपायाची आग पोटात

टाच दुखायला लागली की आपल्याकडे वर्षभरात पोट बिघडतं. हा योगायोग नाही. ही आपल्या औषधोपचाराची ठरून गेलेली वाट आहे, आणि ज्यांचं वजन जास्त आहे ती माणसं या वाटेवर सर्वात लांबवर फरफटत जातात.

क्रम बघा. सकाळी अंथरुणातून उठून पाय टेकला की टाचेत कळ जाते. चार पावलं चालल्यावर जरा सैल होतं, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. मग मेडिकलमध्ये जाऊन एक पट्टी आणतो. ॲसेक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल एकत्र असलेली, नाहीतर डायक्लोफिनॅकची. पट्टी संपते, दुसरी येते. महिन्या-दोन महिन्यांत छातीत जळजळ सुरू होते आणि सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल घेणं चालू होतं. ही ‘गॅसची गोळी’ एकदा घरात आली की जात नाही. वर्षं उलटतात. त्याच माणसाला मधुमेह असेल तर मेटफॉर्मिनही चालू असतं. आणि एक दिवस तळपायांची आग व्हायला लागते, बोटांना मुंग्या येतात, चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. रक्त तपासलं तर बी-१२ तळाला गेलेलं असतं.

यातला एकही दुवा अज्ञात नाही. जठराच्या आतल्या बाजूला चिकट थराचं अस्तर असतं. ते टिकवायला शरीर प्रोस्टाग्लॅन्डिन नावाची रसायनं बनवतं. दुखण्याची गोळी नेमकी हीच रसायनं अडवते, त्यामुळे वेदना कमी होते आणि अस्तरही उघडं पडतं. गोळी नको म्हणून कमरेत इंजेक्शन घेणाऱ्यांनी हे नीट ऐकावं, कारण औषध रक्तातूनच जठरापर्यंत जातं आणि तिथे तेच करतं. पुढे आम्ल दाबणारी गोळी. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला आम्ल लागतं. ते वर्षानुवर्षं दाबून ठेवलं तर बी-१२ कमी शोषलं जातं. मेटफॉर्मिनही ते शोषू देत नाही. शाकाहारी घरात ते मुळातच ताटात कमी असतं. टाचेसाठी घेतलेल्या गोळीने सुरू झालेली गोष्ट तळपायाच्या नसांपर्यंत परत येते, आणि या सगळ्या प्रवासात माणूस दोन डॉक्टरांना भेटलेला असतो. हाडांच्या डॉक्टरने पोट विचारलं नाही, पोटाच्या डॉक्टरने पाय विचारला नाही, आणि वजनाबद्दल दोघांनीही एकच वाक्य सांगितलं: ‘कमी करा.’

हे वाक्य म्हणजे उपचार नाही. शंभर किलोच्या माणसाला आपण शंभर किलोचे आहोत हे ठाऊक असतं. लग्नात ठाऊक असतं, एसटीच्या सीटवर ठाऊक असतं, लिफ्टमध्ये ठाऊक असतं. दवाखान्यात पैसे भरून तेच ऐकायला तो आलेला नसतो.

आता टाचेचं बघू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. पायाची कमान तो ताणून धरतो. रोजच्या ताणाने टाचेपाशी तो खराब होत जातो. रात्रभर पाय सैल राहतो, सकाळी पहिल्या पावलाला पट्टा अचानक ताणला जातो, म्हणून ती पहिली कळ. एक्स-रे काढला की टाचेच्या हाडाला पुढे आलेलं टोक दिसतं आणि घरभर बातमी होते, ‘हाड वाढलंय’. असं टोक अजिबात न दुखणाऱ्या असंख्य टाचांमध्येही सापडतं. हाडाच्या त्या टोकाकडे बोट दाखवून इंजेक्शनवर इंजेक्शन देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. स्टेरॉइडचं इंजेक्शन काही आठवडे आराम देतं, पण पुन्हापुन्हा घेतलं तर तो पट्टाच तुटण्याची आणि टाचेखालची चरबीची मऊ गादी झिजण्याची भीती असते. ती गादी एकदा गेली की भरून येत नाही.

या दुखण्याचा खरा इलाज रटाळ आहे आणि स्वस्त आहे. अंथरुणातून उठण्याआधी ओढणी नाहीतर टॉवेल तळव्याच्या पुढच्या भागात अडकवून पाय स्वतःकडे ओढायचा. भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायच्या. हे दिवसातून अनेकदा, कित्येक महिने. बहुतेकांची टाच वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरी होते. आणि घरात अनवाणी चालायचं नाही. इथे मात्र आपलं घर आडवं येतं. स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही, देव्हारा तिथेच असतो, फरशी शहाबादी असो की चकचकीत टाइल, कडक ती कडकच. त्या फरशीवर दिवसाचे सहा-सात तास उभी राहणारी बाई घरातली सर्वात जास्त टाच दुखणारी व्यक्ती असते, आणि चप्पल घालायला तिला सासूची परवानगी लागते. घरापुरती एक वेगळी, धुतलेली, मऊ एमसीआर रबराच्या चपलांची जोडी ठेवा आणि ती स्वयंपाकघरात जाऊ द्या. हे मी विनोदाने म्हणत नाही. या एका गोष्टीने जेवढ्या गोळ्या वाचतील तेवढ्या कुठल्याही जाहिरातीतल्या तेलाने वाचणार नाहीत.

वजनाचा यात वाटा आहे, आणि तो मोठा आहे. गुडघ्यांवर झालेल्या अभ्यासांत एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोने उतरतो असं दिसलं आहे. म्हणजे पाच किलो उतरले तर दर पावलाला वीस किलो. तळपायाचा हिशेब तंतोतंत तोच नाही, पण दिशा तीच. वजन वाढलं की पायाची कमान बसत जाते, टाचेखालची गादी आपली लवचीकता गमावते, चालण्याची ढब रुंदावते. पण भार हेच एक कारण धरलं तर अर्धीच गोष्ट कळते. लठ्ठ माणसांच्या हाताच्या बोटांचे सांधेही जास्त दुखतात, आणि बोटांवर कोणी चालत नाही. पोटाभोवतीची चरबी स्वस्थ बसलेली नसते. ती रक्तात दाह वाढवणारी द्रव्यं सोडत राहते. तीच द्रव्यं सांध्यांत पोचतात, तीच यकृतात पोचतात. टाच आणि पोट यांचा संबंध इथेही आहे.

त्याच चरबीचा दाब जठरावर पडतो. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल पडते आणि आम्ल वर येतं. वाकून बुटाची लेस बांधताना घशाशी आंबट येतं ते यामुळे. आपण त्याला पित्त म्हणतो आणि आवळासुपारी खातो. यकृतात चरबी साठते, पित्ताशयात खडे होतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि २२.९ टक्के पुरुष जादा वजनाचे निघाले. आधीच्या फेरीत हेच आकडे २०.६ आणि १८.९ होते. दर चौथ्या बाईच्या पायाचा आणि पोटाचा हा प्रश्न आहे. तरी तो बातम्यांत येतो तो फक्त कोणा नटीच्या उतरलेल्या वजनाच्या निमित्ताने.

एक इशारा मात्र इथेच देतो, कारण तो दिला नाही तर माझ्या या लेखाचाही गैरवापर होईल. माणूस जाड दिसला की त्याचं प्रत्येक दुखणं वजनाच्या खात्यावर टाकायची सवय दवाखान्यांना लागली आहे. टाचेत हाडाला बारीक तडा असू शकतो, घोट्याशी नस दाबलेली असू शकते. पंचविशी-तिशीतल्या मुलाची टाच दुखते, सकाळी कंबर तासभर आखडते, आणि अधूनमधून शौचातून रक्त-आव पडते, तर तो मणक्यांच्या संधिवाताचा प्रकार असू शकतो आणि त्याच्या जोडीला आतड्यांचा दाहही. त्याला ‘दहा किलो कमी करून या’ म्हणून परत पाठवणं म्हणजे त्याची वर्षं वाया घालवणं.

आता वजन उतरवण्याचं ऑपरेशन. महाराष्ट्रात ही शस्त्रक्रिया घराघरात माहीत झाली ती नितीन गडकरींनी २०११ मध्ये ती करून घेतल्यावर. तिचा इतिहास त्याहून जुना. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाओ इटो यांनी १९६६ मध्ये जठराला वळसा घालणारी पहिली शस्त्रक्रिया केली. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेली माणसं बारीक होतात आणि पुन्हा जाड होत नाहीत, हे मेसन यांच्या नजरेत भरलं होतं. त्याआधी १९५४ पासून लहान आतड्याचा मोठा भाग वगळून टाकायची पद्धत वापरात आली होती. वजन उतरायचं, पण यकृतं निकामी झाली, मूतखडे झाले, सांधे सुजले, आणि ती पद्धत सोडून द्यावी लागली. वजन उतरवणं हाच एक निकष धरला की काय होतं, हे शल्यचिकित्सकांनी तेव्हाच पाहिलं आहे.

आज आपल्याकडे सर्वात जास्त होते ती स्लीव्ह. दुर्बिणीतून जठराचा सुमारे ८० टक्के भाग कापून काढतात आणि केळ्याच्या आकाराची नळी ठेवतात. कापलेलं परत जोडता येत नाही. दुसरी बायपास. जठराची सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. दोन्हींत पहिल्या वर्ष-दीड वर्षात एकूण वजनाचा साधारण चौथा हिस्सा, कधी त्याहून जास्त, उतरतो. टाच आणि गुडघे हलके होतात, चालणं सुधारतं, अनेकांचा मधुमेह आटोक्यात येतो. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००७ मध्ये आले तेव्हा शस्त्रक्रिया झालेल्या लठ्ठ माणसांत मृत्यूचं प्रमाण न झालेल्यांपेक्षा कमी निघालं. ज्याचं वजन १३० किलो आहे, साखर आवरत नाही, रात्री झोपेत श्वास अडकतो, त्याने या ऑपरेशनला घाबरू नये आणि लाजूही नये. ‘तोंडावर ताबा नाही म्हणून पोट कापून घेतलं’ असं म्हणणाऱ्या नातेवाइकांना घराबाहेर ठेवावं.

माझं भांडण दुसऱ्या टोकाशी आहे. २०२२ मध्ये या विषयातल्या दोन मोठ्या संघटनांनी, एक अमेरिकेतली आणि एक आंतरराष्ट्रीय, नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. आशियाई लोकांना बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २७.५ च्या पुढे असेल तर या शस्त्रक्रियेचा पर्याय द्यावा असं त्यांत आहे. यामागे कारण आहे. आपल्याला कमी वजनातच मधुमेह गाठतो. पण हा आकडा प्रत्यक्षात काय आहे ते बघा. पाच फूट एक इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईला २७.५ म्हणजे ६६ किलो. आपल्या ओळखीतल्या किती बायका ६६ किलोच्या आहेत ते मनात मोजा. दुसरीकडे विमा नियामकाचा नियम. त्यानुसार विमा कंपनीने पैसे द्यायचे ते बीएमआय ४० च्या पुढे, किंवा ३५ च्या पुढे आणि सोबत लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयधमन्यांचा आजार, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह. त्याच बाईला हे आकडे ९६ आणि ८४ किलोचे होतात. ६६ आणि ८४ च्या मधली अठरा किलोंची जागा जाहिरातींना मोकळी आहे. तिथे रुग्ण स्वतःच्या खिशातून लाखांत पैसे भरतो. विम्याच्या त्या यादीत गुडघा नाही, टाच नाही. जाहिरातीत मात्र सर्वात आधी गुडघा आणि टाचच असते: ‘चालताना त्रास होतो? वजन हेच कारण!’

मधुमेह नाही, बाकी काही नाही, ६६ किलो वजन आणि टाच दुखते. या बाईचं जठर कापणं चूक आहे. तिला ओढणी, चप्पल आणि सहा महिने धीर हवा आहे.

आणि ज्यांना ऑपरेशन खरोखर हवं आहे त्यांना ऑपरेशननंतरचं कोणी धड सांगत नाही. सर्वात महत्त्वाचं हे की बायपासनंतर टाच दुखली तरी नेहमीची दुखण्याची गोळी आयुष्यभर बंद. पिशवी आणि आतडं जिथे जोडलेलं असतं तिथे या गोळ्यांनी अल्सर होतो, तंबाखू-सिगारेटने तो आणखी चिघळतो, आणि फुटला तर जीव जातो. वगळून ठेवलेल्या जुन्या जठरात काही झालं तर नेहमीची एंडोस्कोपी तिथवर पोचतही नाही. दुखलं तर पॅरासिटामॉल, आणि तेही डॉक्टरला विचारून. स्लीव्ह झालेल्यांनीही त्या पट्ट्यांपासून लांबच राहावं. ज्या माणसाने गुडघे-टाचांसाठी ऑपरेशन केलं, त्याच्या कपाटात त्या पट्ट्या आधीपासून पडलेल्या असतात, हे शल्यचिकित्सकाने गृहीतच धरायला हवं. घरी सोडताना त्या फेकायला लावायला हव्यात.

स्लीव्हची आणखी एक बाजू. ज्याला आधीच जोराचं पित्त आहे, त्याचं ते त्या अरुंद नळीमुळे वाढू शकतं, नसलेल्याला नव्याने होऊ शकतं. बायपासने ते बहुधा कमी होतं. म्हणून ऑपरेशनआधी एंडोस्कोपी करून कोणतं ऑपरेशन कोणाला हे ठरवावं. ‘आम्ही सगळ्यांना स्लीव्हच करतो’ असं सांगणाऱ्या दवाखान्यातून उठून बाहेर या.

मग तळपायाची ती आग. बी-१२ शोषायला जठराच्या भिंतीतून येणारं एक प्रथिन लागतं. स्लीव्हमध्ये ती भिंतच बहुतांश काढलेली असते, बायपासमध्ये अन्न तिच्याजवळून जात नाही. यकृतातला साठा काही काळ पुरतो, म्हणून पहिल्या वर्षी काही जाणवत नाही. फोटो छान येतात, कपडे बदलतात, रुग्ण तपासणीला जायचं सोडतो. त्रास सुरू होतो दोन-तीन वर्षांनी, आणि शाकाहारी माणसाचा साठा मुळात कमी असल्यामुळे त्याहूनही आधी. तोवर आग होणाऱ्या तळपायांचा त्या जुन्या ऑपरेशनशी संबंध जोडणारं कोणी समोर नसतं.

याहून घाईचं संकट थायमिनचं, म्हणजे बी-१ चं. ऑपरेशननंतरच्या आठवड्यांत सतत उलट्या होत असतील तर शरीरातला थायमिनचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. पाय लटपटतात, मुंग्या येतात, एकाचे दोन दिसतात, माणूस असंबद्ध बोलतो. गावातल्या दवाखान्यात उलट्यांवर पहिला उपाय काय? ग्लुकोजचं सलाइन. थायमिन न देता ते लावलं तर मेंदूची हानी वाढू शकते. हे ऑपरेशन करणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाने डिस्चार्ज कार्डावर मराठीत, ठळक अक्षरांत हे छापलं पाहिजे. खर्च शून्य आहे. गाऊट असलेल्यांना सुरुवातीच्या काळात पायाच्या अंगठ्याचा भडका उडू शकतो, हेही त्यातच छापावं.

वजन झपाट्याने उतरताना पित्ताशयात खडे होतात, त्यासाठी डॉक्टर काही महिने गोळी देतात, ती मध्येच सोडू नये. जेवणाबद्दल तर आपण सर्वात निष्काळजी. बायपासवाल्याने आमरसाची वाटी किंवा जिलेबी खाल्ली तर थोड्याच वेळात घाम, धडधड, जुलाब. तेव्हा ‘थोडं तरी घे’ हा आग्रह छळ आहे, यजमानांनी तो थांबवावा. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम असतात, अंड्यात सहा. एवढ्याशा जठरात आधी पोळी-भात गेला तर प्रथिनांना जागाच उरत नाही, म्हणून आधी पनीर, अंडं, उसळ, मासे, मग बाकीचं. आणि साबुदाणा खिचडीवर केलेली एकादशी पहिल्या वर्षात सोडाच. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच.

वजन उतरवायची नवी इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागली आहेत. ती जठर रिकामं व्हायचा वेग कमी करतात. मळमळ आणि बद्धकोष्ठ हे त्यांचे नेहमीचे त्रास. ऑपरेशनला पर्याय म्हणून काहींना ती उपयोगी पडतील, पण टाचेचा व्यायाम आणि प्रथिनांचा हिशेब त्यांनीही सुटत नाही.

वैद्यकीय व्यवस्था एका माणसाचे पाय एका मजल्यावर आणि पोट दुसऱ्या मजल्यावर तपासत राहणार. ते उद्या बदलेल असं मला वाटत नाही. तोवर हे तुम्हीच करा. टाचेसाठी गोळी लिहून देणाऱ्याला पोटाचा त्रास सांगा, पोटाच्या डॉक्टरला किती दिवस कोणती दुखण्याची गोळी घेतली ते सांगा. पॅन्टोप्राझोल वर्षभर चालू असेल तर ते अजून हवं आहे का हे विचारा, स्वतःहून एकदम बंद करू नका. जठराचं ऑपरेशन झालं असेल तर बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी दर वर्षी करा, आयुष्यभर, कितीही बरं वाटत असलं तरी. डिस्चार्ज कार्डाची झेरॉक्स पाकिटात ठेवा आणि औषध लिहिणाऱ्या प्रत्येकाला आधी ती दाखवा. दाताच्या डॉक्टरलासुद्धा. दाढ काढल्यावर तोही तीच दुखण्याची गोळी लिहून देतो.